दुर्बिणीच्या पल्ल्याबाहेरचं आतडं

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात कुणाचं पोट महिनाभर दुखत राहिलं, की कारणं सांगणाऱ्यांची कमी नसते. पित्त, जंत, सिकल, पोटाचा टीबी, बेंबी सरकली. यातली सरकलेली बेंबी सोडली तर बाकीची सगळी कारणं भंडारा जिल्ह्यात खरोखर आढळतात, आणि लहान आतड्याच्या कर्करोगापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. डॉक्टर आधी त्यांचाच विचार करतात, आणि ते बरोबर आहे. अडचण पुढे येते. औषध घेऊनही दुखणं हटत नाही, तरी कागदावर लिहिलेलं कारण बदलत नाही.

हा कर्करोग कुठे होतो, तो शोधतात कसा, उपचार काय असतात आणि या वाटेवर वेळ कुठे वाया जातो, हे क्रमाने पाहू. आपल्याला वैद्यकातलं काही ठाऊक नाही असं धरूनच सगळं सांगितलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. जठरातलं अन्न लहान आतड्यात उतरतं. हे आतडं सुमारे ६ मीटर, म्हणजे वीसेक फूट लांब असतं आणि पोटात वेटोळं घालून बसलेलं असतं. पहिला २५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे ड्युओडेनम. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथे अन्नात मिसळतो. त्यापुढे जेजुनम, आणि शेवटी इलियम, जे पोटात उजवीकडे खाली मोठ्या आतड्याला मिळतं. ही तीन नावं लक्षात ठेवा. रिपोर्टवर तीच येतात, आणि ऑपरेशन कोणतं करायचं हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

पचनमार्गाच्या एकूण लांबीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लहान आतड्याचा आहे, तरी पचनमार्गातल्या शंभर कर्करोगांपैकी पाचही इथे होत नाहीत. इथलं अन्न पातळ असतं, ते लवकर पुढे सरकतं, जंतू कमी असतात, आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं आणि भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचा मोठा पहारा असतो. कारणं ही असावीत असं मानलं जातं. आजार दुर्मीळ असल्यामुळे डॉक्टरांच्याही मनात तो उशिरा येतो.

लहान आतड्याचा कर्करोग हा एकच आजार नाही, आणि शेजारच्या गावातल्या कुणाच्या अनुभवावरून आपला अंदाज बांधू नये तो याचमुळे. मुख्य प्रकार चार. अस्तराच्या पेशींतून होतो तो अॅडिनोकार्सिनोमा. तो बहुधा ड्युओडेनममध्ये सापडतो. हार्मोन तयार करणाऱ्या पेशींतून होतो तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. त्याची आवडती जागा इलियम. रोगप्रतिकारक पेशींतून होतो तो लिम्फोमा. आतड्याच्या भिंतीच्या स्नायूंच्या थरात वाढते ती जिस्टची गाठ. चौघांचे उपचार वेगळे आहेत. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं सांगितलं आणि २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. तेव्हापासून हे नाव ऐकलं की लोक धसका घेतात. पण या प्रकारातल्या आतड्याच्या बऱ्याच गाठी सावकाश वाढतात आणि रुग्ण त्या घेऊन वर्षानुवर्षं जगतात.

आता लक्षणं. जेवणानंतर तासा-दोन तासांनी बेंबीभोवती कळ येणं आणि काही वेळाने आपोआप थांबणं. पोट गुडगुडणं, फुगणं. खाण्याची भीती वाटू लागणं आणि त्यामुळे वजन उतरणं. थकवा, धाप, फिकटपणा. डांबरासारखी काळी, चिकट शौच. गाठ ड्युओडेनममध्ये पित्तनलिकेच्या तोंडाशी असेल तर कावीळ. न्यूरोएंडोक्राइन गाठ यकृतात पसरली असेल तर चेहरा एकाएकी लाल होऊन तापणं आणि पातळ शौच. यातलं एकही लक्षण फक्त कर्करोगाचंच असं नाही. महत्त्वाचं आहे ते त्यांचं टिकून राहणं आणि जोडीने येणं: कळ आणि घटतं वजन, किंवा कळ आणि पुन्हा पुन्हा कमी होणारं हिमोग्लोबिन.

पहिली मोठी चूक होते ती या हिमोग्लोबिनपाशी. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे, आणि सिकलच्या रुग्णाला पोटदुखी आणि रक्तक्षय दोन्ही होतात. त्यामुळे घरात कुणाला सिकल असेल तर पोट दुखलं की सिकलवर बोट ठेवून विषय संपतो. धानाच्या बांधीत अनवाणी रोवणी करणाऱ्यांना अंकुशकृमी, म्हणजे पायाच्या कातडीतून शिरणारे जंत होतात. तेही आतड्यात रक्त पितात. बायकांच्या बाबतीत पाळीवर बोट ठेवलं जातं. हे सगळं खरं असू शकतं, पण तपासून खरं ठरावं. सिकलची चाचणी रक्तातून होते आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. सिकलचा नुसता वाहक असलेल्या माणसाचं रक्त सहसा त्यामुळे कमी होत नाही. आणि सिकलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, हेही ध्यानात ठेवावं. म्हणून गोळ्या सुरू व्हायच्या आधी शौचाचा रंग कसा होता हे डॉक्टरांना सांगा. गोळ्या, जंताचं औषध सगळं नीट घेऊन दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन चढलं नाही, किंवा चढून पुन्हा उतरलं, तर रक्त कुठून तरी जात असावं. पुरुषात आणि पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी झाल्याचं आढळलं तर पचनमार्ग तपासायला हवाच. त्याला दुसरं उत्तर नाही.

दुसरी चूक पोटाच्या टीबीची. आपल्याकडे टीबी बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशीच बसतो, तिथेच लिम्फोमा आणि न्यूरोएंडोक्राइन गाठही होते. सीटी स्कॅनवर आतड्याची भिंत जाड आणि आसपासच्या लसिकाग्रंथी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या छोट्या गाठी, सुजलेल्या दिसतात. तिन्हींत चित्र सारखंच. तुकडा तपासता येत नसेल तर डॉक्टर टीबीची औषधं सुरू करून पाहतात, आणि अशा वेळी ते चुकीचंही नसतं. मात्र खरा टीबी असेल तर दोनेक महिन्यांत भूक लागते, ताप जातो, वजन वाढतं. तसं झालं नाही तर ‘कोर्स सहा महिन्यांचा आहे, पूर्ण करा’ एवढ्यावर थांबू नका. पुन्हा तपासणी करायला सांगा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आता तपासण्या. सुरुवात रक्त आणि शौचाच्या तपासणीने होते, मग सोनोग्राफी. सोनोग्राफी पित्ताशय, यकृत, मूत्रपिंडासाठी चांगली. आतड्यात मात्र हवा असते आणि हवेपलीकडचं तिला दिसत नाही. रिपोर्टवर ‘गॅसमुळे नीट दिसलं नाही’ अशा अर्थाची ओळ असते, ती कोणी वाचत नाही. सोनोग्राफी नॉर्मल याचा अर्थ आतडं नॉर्मल असा होत नाही.

त्यानंतर दुर्बिणीच्या तपासण्या. तोंडातून घालतात ती एंडोस्कोपी, गुदद्वारातून घालतात ती कोलोनोस्कोपी. पहिली जठर ओलांडून ड्युओडेनमच्या मध्यापर्यंत जाते. दुसरी पूर्ण मोठं आतडं पाहते आणि इलियमच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी उभं राहून बॅटरी मारावी तसं हे आहे. मधला पाच-साडेपाच मीटरचा भाग दोन्हींना दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथेच. दोन दुर्बिणी झाल्या, बरेच पैसे गेले, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. घरातल्यांना हायसं वाटतं आणि रुग्णाला ऐकवलं जातं, ‘टेन्शन घेऊ नका, गॅस आहे.’ त्रास खरोखर गेला असेल तर ठीकच. वजन घटतंय, रक्त उतरतंय आणि दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आहेत, तर विचारायचा प्रश्न एकच: मधलं आतडं कोणत्या तपासणीत पाहिलं? डॉक्टरांना याचा राग येण्याचं कारण नाही. पोटविकारतज्ज्ञांच्या कामातला तो नेहमीचा प्रश्न आहे.

मधलं आतडं पाहण्याची सोपी पद्धत म्हणजे सीटी एंटेरोग्राफी. साध्या सीटी स्कॅनपेक्षा हिच्यात फरक एवढाच, की आधी तासभर थोडंथोडं करून लिटर-दीड लिटर द्रव प्यायला देतात. त्याने आतडं फुगतं, भिंत ताणली जाते आणि गाठ उठून दिसते. मग शिरेतून डाय देऊन चित्रं घेतात. ‘एवढं पाणी पिववत नाही’ म्हणून अर्ध्यावर सोडलं तर आतडं मिटलेलं राहतं आणि तपासणी वाया जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल, आधी कधी डायची अॅलर्जी आली असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आधीच सांगा.

दुसरी पद्धत कॅप्सूल एंडोस्कोपी. मोठ्या गोळीएवढा कॅमेरा पाण्याबरोबर गिळायचा; तो आतड्यातून जाताना आठेक तास चित्रं काढतो, कमरेच्या पट्ट्यावरच्या यंत्रात ती साठतात, आणि कॅप्सूल शौचावाटे निघून जाते. दुखत नाही, भूल लागत नाही. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. कॅप्सूलला तुकडा काढता येत नाही. आणि आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती तिथेच अडकते, मग ती काढायला ऑपरेशन लागू शकतं. म्हणून जेवणानंतर कळा येतात, पोट फुगतं, उलट्या होतात अशा रुग्णात आधी सीटी, मग गरज वाटली तर कॅप्सूल.

तिसरी पद्धत लांब दुर्बिणीची, डबल बलून एंटेरोस्कोपी. जपानचे डॉक्टर हिरोनोरी यामामोतो यांनी ती विकसित केली. दुर्बिणीला दोन फुगे असतात. ते आळीपाळीने फुगवत आतडं चुणी घालून मागे ओढलं जातं आणि दुर्बीण आत सरकते. हिच्यातून तुकडा काढता येतो. ती मोठ्या शहरांतल्या मोजक्याच केंद्रांत होते.

तुकड्याची तपासणी, म्हणजे बायॉप्सी, झाल्याशिवाय कर्करोगाचा प्रकार ठरत नाही. प्रकार ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही. पण गाठ मधल्या आतड्यात असेल आणि सीटीवर स्पष्ट दिसत असेल तर आधी बायॉप्सी न करता थेट ऑपरेशन करून पूर्ण गाठच तपासायला पाठवणं, हाही रीतसर मार्ग आहे. ‘निदान नसताना ऑपरेशन कसं करताय?’ असं त्यावर वाटणं साहजिक आहे. डॉक्टरांना कारण विचारा, ते सांगतील.

बऱ्याच जणांत हा आजार वेगळ्याच रीतीने उघड होतो: आतडं अचानक बंद पडतं. थांबून थांबून येणाऱ्या जोरदार कळा, फुगलेलं पोट, हिरव्या उलट्या, शौच आणि हवा दोन्ही बंद. हे दिसलं की १०८ ला फोन करा. एरंडेल देऊ नका, एनिमा देऊ नका, पोट चोळून घेऊ नका, ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणू नका. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत काळं पडतं.

अशा तातडीच्या ऑपरेशनात आतड्याचा तुकडा काढला जातो, आणि बऱ्याच ठिकाणी तो बरणीत घालून लॅबमध्ये पोहोचवायला नातेवाइकांच्याच हातात देतात. बरणीत फॉर्मेलिन आहे ना, हे विचारून घ्या. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवलेल्या तुकड्याच्या पेशी सडतात आणि पुढे कोणीच काही सांगू शकत नाही. तुकडा त्याच दिवशी पोहोचवा, पावती घ्या, रिपोर्ट आणायला विसरू नका. ऑपरेशन झालं, माणूस उठून बसला, रोवणीचे दिवस आले आणि रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहिला, असं होऊ देऊ नका.

लॅबकडे तुकड्याचे मेणात बसवलेले ठोकळे आणि काचपट्ट्या असतात. ब्लॉक आणि स्लाइड ही त्यांची रोजची नावं. पुढच्या रुग्णालयात त्या मागतातच. मागून घ्या, ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ते वितळतात.

कर्करोग ठरल्यावर तो किती पसरला आहे हे पाहतात. त्याला स्टेज म्हणतात. पहिल्या दोन टप्प्यांत गाठ आतड्याच्या भिंतीशी आणि लगतच्या भागाशी मर्यादित असते, तिसऱ्यात जवळच्या लसिकाग्रंथींत गेलेली असते, चौथ्यात यकृत, पोटाचा पडदा, फुप्फुसं अशा लांबच्या जागी. न्यूरोएंडोक्राइन गाठ असेल तर तिच्यासाठी वेगळा पेट स्कॅन असतो, तो साध्या पेट स्कॅनपेक्षा तिला जास्त नेमकं शोधतो.

जायचं कुठे? साकोलीचं उपजिल्हा रुग्णालय आणि भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय ही पहिली पायरी. पुढचं सगळं नागपुरात आहे, साकोलीहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने शंभरेक किलोमीटर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, मिहानमधलं एम्स, जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं रुग्णालय. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. प्रकार दुर्मीळ असेल किंवा नागपूरच्या डॉक्टरांनी सुचवलं तर तिथला सल्ला जरूर घ्यावा, पण प्रत्येकाने मुंबई गाठण्याची गरज नाही. महिनोन्महिने चालणारी केमो घराजवळ झालेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या फूटपाथवर राहून घेतलेले उपचार अर्ध्यावर सुटतात.

पैशांचं काम दाखल होण्याआधी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कर्करोगाची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन येतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. शिधापत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून मंजुरी अडकते. ते आधी दुरुस्त करून घ्या. निदानापूर्वीच्या सगळ्याच तपासण्या योजनेत बसत नाहीत, तेवढी तजवीज हाताशी असावी. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात मोठी सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

आता उपचार. लिम्फोमा सोडला तर बाकी तिघांत, गाठ काढता येण्याजोगी असेल तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार. सर्जन गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचं थोडं निरोगी आतडं आणि, जिस्ट नसेल तर, त्या भागाच्या लसिकाग्रंथी एकत्र काढतात आणि उरलेली टोकं जोडतात. रिपोर्टवर किती ग्रंथी तपासल्या तो आकडा असतो. अॅडिनोकार्सिनोमात निदान आठ तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा आहे, नाहीतर स्टेजवर भरवसा राहत नाही. गाठ इलियमच्या टोकाशी असेल तर मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढावा लागतो.

गाठ ड्युओडेनमच्या मधल्या भागात, पित्तनलिकेपाशी असेल तर व्हिपल नावाचं मोठं ऑपरेशन लागतं. त्यात ड्युओडेनम, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढून तीन नवे जोड घालतात. हे ऑपरेशन जिथे नेहमी होतं अशाच ठिकाणी करावं. ‘तुमच्याकडे वर्षाला अशी किती होतात?’ हे विचारण्यात संकोच नको. ऑपरेशनआधी खर्रा आणि बिडी बंद. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि छातीत कफ साठतो.

अॅडिनोकार्सिनोमा लसिकाग्रंथींत गेला असेल तर ऑपरेशननंतर बहुधा सहा महिन्यांची केमो सुचवतात. ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि त्याच्या जोडीला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असा तिचा एक नेहमीचा नमुना आहे. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार पाणी, गार हवा, थंड लोखंड लागलं की बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात. माठातलं पाणीसुद्धा टाळा, कोमट प्या. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. त्या दिवसांत चिखलात उतरणं, विळा चालवणं बंद. ‘एवढं तर होणारच’ म्हणून सोसत बसू नका, डॉक्टर डोस कमी करू शकतात. आणि केमो चालू असताना ताप १००.४ अंशांवर गेला तर तापाची गोळी घेऊन घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा संसर्गही जिवावर बेततो.

जिस्टला ही केमो लागू पडत नाही. तिच्यासाठी इमॅटिनिबची गोळी आहे, रोज जेवणाबरोबर घ्यायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी आज मिळते. पुन्हा होण्याचा धोका जास्त असेल तर ऑपरेशननंतर निदान तीन वर्षं ती घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणं हीच इथली नेहमीची चूक.

न्यूरोएंडोक्राइन गाठ पसरलेली असेल तर महिन्याला एक ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन तिची वाढ आणि लक्षणं दोन्ही आवरतं. लिम्फोमात केमो हाच मुख्य उपचार. ऑपरेशन लागतं ते आतडं बंद पडलं किंवा फुटलं तर. लहान आतड्याला रेडिएशन फारसं सोसत नाही, म्हणून त्याचा वापर कमी.

चौथ्या टप्प्यातल्या अॅडिनोकार्सिनोमात केमो देतात ती आजार आवरून धरायला. तुकड्यावर एमएसआय नावाची चाचणी करायला सांगा. ती विशिष्ट प्रकारे आली तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध, उपयोगी पडू शकतं, आणि घरातल्या बाकीच्यांना आनुवंशिक धोका आहे का हेही कळतं. गाठ काढता येत नसेल तरी अडलेल्या आतड्याला वळसा घालून वाट करून देता येते. दुखणं सोसायला लावण्याचं काहीच कारण नाही. मॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर सवयीची भीती बाळगायला नको. फक्त तिने बद्धकोष्ठ होतं, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर काही आठवडे थोडंथोडं, पण दिवसातून सहा वेळा खावं. मऊ भात, पेज, मुगाचं पातळ वरण, अंडं, मासळी, सोसलं तर ताक. लाखोळीचं वरण, कच्ची काकडी, पेरू, सालासकट चणे नंतर पाहू. जोड घातलेल्या जागी किंवा पोटातल्या जुन्या व्रणांमुळे पुढे कधीही आतडं अडू शकतं, म्हणून वर सांगितलेल्या कळा आणि हिरव्या उलट्या वर्षांनंतर आल्या तरी तातडीच्याच समजा.

जीवनसत्त्व बी१२ शोषलं जातं ते इलियमच्या शेवटच्या भागात. तो मोठ्या प्रमाणात काढला असेल तर बी१२चं इंजेक्शन जन्मभर लागतं. शरीरात साठा असल्यामुळे कमतरता काही वर्षांनी उघडी पडते: पाय बधिर, चालताना तोल जातो, जीभ लाल. तोवर ऑपरेशन विसरलेलं असतं आणि नवे डॉक्टर मधुमेह शोधत बसतात. किती सेंटिमीटर इलियम काढलं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि त्या कार्डाची झेरॉक्स घरात ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिने ते वर्षाने तपासणी असते. तारीख रोवणीत किंवा कापणीत येत असेल तर आधीच फोन करून ती अलीकडची मागून घ्या, पुढची नको.